साहेब, पहिलीच्या पोरांना झेप कोण शिकवणार?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,

नमस्कार साहेब. मी झेडपी शाळेत पहिलीला शिकवते. परवा पावसात शाळेच्या दारात डबकं साचलं, फार तर दीड हात रुंद. पोरं पळत यायची, काठावर गपकन थांबायची, मग दोन्ही पाय जुळवून टुणकन उडी ती थेट पाण्यातच. एका पायावरून उडून दुसऱ्या पायावर उतरायचं, म्हणजे झेप, एवढं 23 पैकी पाच-सहा जणांनाच जमलं. आम्ही ओढा ओलांडत शाळेत जायचो तेव्हा हे न शिकवता यायचं हो, आता दारापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि यायला रिक्षा.

लंगडीत एकच पाय, तळ्यात-मळ्यातमध्ये दोन्ही, हे खेळातून येतं. पण झेपेचा खेळ मला तरी पटकन आठवेना. मग खडूनं दोन तिरक्या रेघा मारल्या, एका टोकाला वीतभर अंतर, दुसऱ्या टोकाला दोन हात, म्हटलं हा ओढा, ज्याला जिथून जमेल तिथून ओलांडा. चार पावलं पळत या, थांबू नका, नजर समोर, उतरताना गुडघा वाकवा. भित्री पोरं अरुंद टोकाला, दांडगी रुंद टोकाला, आऊट कुणीच नाही. पहिल्या दिवशी रेघेपाशी रडणारी पोरगी तिसऱ्या दिवशी सरकत सरकत मधोमध आली. खर्च एक खडू.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात 3 ते 8 वर्षं हा पायाभूत स्तर आहे, आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) मैदानही आहे, पण आमची ट्रेनिंगं सगळी वाचन-गणिताची आणि खेळाच्या तासाला राहिलेल्या वजाबाक्या (मीही केलंय, खोटं कशाला बोलू). बीडचा अविनाश साबळे, साताऱ्याची ललिता बाबर, दोघं स्टीपलचेसवाले, 3000 मीटरमध्ये 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरून उडी, त्यांची नावं भाषणात घेतो आपण. मी पदकं मागत नाहीये, पोराला गटार ओलांडता यावं बास.

तर पुढच्या ट्रेनिंगला अर्धा दिवस आम्हाला मैदानात उतरवा, पीपीटी नको, आम्हालाच उड्या मारायला लावा, साड्या सांभाळून मारू. पहिलीला वेगळे क्रीडाशिक्षक मिळणार नाहीत हे माहितीये, म्हणून तर वर्गाच्या बाईलाच दाखवा म्हणतेय. आणि प्लीज, त्याचे फोटो लिंकवर अपलोड करायला सांगू नका, फोटोसाठी पोरं रांगेत उभी राहतात आणि उडी राहूनच जाते.

आपली,
पहिलीची एक बाई