सिम्युलेटर चित्र बघून घेऊ नका: वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, कर्नाटक सरकार, यांस,

स. न. वि. वि.

बेळगावच्या बिम्ससारख्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर सराव करायची यंत्रं, घ्याल, तेव्हा टेंडरमध्ये पडद्याचा आकार आणि ‘थ्रीडी’ एवढ्यावर थांबू नका. चकचकीत यकृत आजकाल कुठलाही गेम दाखवतो. ते चिमट्यात धरून ओढल्यावर कसं वागतं, याचे पैसे मोजायचे असतात.

डोळ्याला सेकंदाला 30 ते 60 चित्रं पुरतात; हाताला नाही. बल जाणवून देणाऱ्या हँडलला सेकंदाला सुमारे 1000 वेळा नवा आकडा लागतो, म्हणजे गणिताला मिळतो 1 मिलिसेकंद. तो हुकला की कडक भागाला टेकलेलं हँडल थरथरतं. संगणकात अवयव म्हणजे बिंदूंची जाळी. यकृताची जाळी 5000 बिंदूंची धरली तर गणिताच्या दर पावलाला, बिंदूमागे तीन दिशा धरून, 15000 अज्ञातं सोडवावी लागतात. एवढ्या वेळात ते होणं अवघड. म्हणून अख्खा अवयव संथ चक्रात सोडवतात आणि उपकरणाच्या टोकाजवळचा सोपा नमुना वेगळ्या, जलद चक्रात. दोन्हींना जोडणारी आभासी स्प्रिंग फार सैल ठेवली की थरथर जाते, पण सगळेच अवयव स्पंजासारखे लागतात. विद्यार्थ्याच्या हाताला तेच वळण लागतं.

स्वस्तातला मार्ग म्हणजे बिंदू आणि स्प्रिंगांची जाळी. ती वेगवान असते, पण जाळी बदलली की अवयवाचा स्वभाव बदलतो. अवयवाचे छोटे तुकडे पाडून गणित करणाऱ्या फायनाइट एलिमेंट पद्धतीत ऊतकाचे मोजलेले गुणधर्म थेट घालता येतात. मात्र ऊतक दाबून जवळजवळ आकसतच नसल्यामुळे साध्या चतुष्फलकांची (चार त्रिकोणी बाजूंच्या तुकड्यांची) जाळी नको तितकी ताठरते.

खरी कसोटी कापताना. पित्ताशयाची नळी कापली की जाळीची जोडणीच बदलते आणि आधी करून ठेवलेलं गणित वाया जातं. कापाशी पापुद्र्यासारखे चपटे चतुष्फलक उरले तर आकडे बेफाम होतात, अवयव पडद्यावर फुटल्यासारखा उडतो. डेमोत ठरलेल्या रेषेवरच काप दाखवत असतील तर कारण विचारा.

म्हणून पैसे देण्याआधी शल्यविभागाने स्वतः तपासावं. पित्ताशयाची मान धरून 30 सेकंद ताणून स्थिर ठेवा. ऊतक थरथरता किंवा आक्रसता कामा नये. दोन उपकरणांनी ऊतकाचा एकच पातळ पापुद्रा विरुद्ध बाजूंनी दाबा. मग टोक झटक्यात यकृतावर आपटा. आरपार गेलं तर स्पर्श ओळखणारं गणित दोन पावलांच्या मधली हालचाल बघतच नाही. शेवटी मनाला येईल तिथे कापा.

आणि सगळा पैसा यातच घालू नका. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या चाचणीत सिम्युलेटरवर सराव केलेल्या निवासी डॉक्टरांनी तसा सराव न केलेल्यांपेक्षा पित्ताशय 29 टक्के लवकर सोडवलं. त्या यंत्रात ऊतक नव्हतंच, साधे भौमितिक आकार होते! ठोकळे हलवणं, गाठ मारणं यासाठी पेटी, वेबकॅम आणि खरी उपकरणं पुरेशी. तिथला ताणही खरा असतो. महागडं यंत्र अख्खी प्रक्रिया शिकवण्यापुरतं ठेवा.

ऊतकाचे आकडे बदलण्याची मुभा करारात मागा. बेळगावजवळ मच्छेला व्हीटीयू हे तांत्रिक विद्यापीठ आहे. असं गणित करणारी ‘सोफा’ ही मुक्त संगणकप्रणाली वापरून तिथले विद्यार्थी यात बरंच काम करू शकतील. हँडलची एक सुटी जोडी मात्र बेळगावातच ठेवायची अट घाला. दुरुस्तीचा माणूस बेंगळुरूहून यायचा तर 500 किलोमीटर पडतात, आणि तोवर यंत्र कापडाखाली.

आपले,
बेळगाव परिसरातील सिम्युलेशन व शल्यशिक्षण क्षेत्रातले काही जण