फोल्डर वाढले की सीएमएस का रखडते?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संकेतस्थळावरील मजकूर, छायाचित्रे आणि कागदपत्रे ज्या सीएमएसमधून (आशय व्यवस्थापन प्रणालीतून) सांभाळली जातात, त्यातील फोल्डर काही हजारांवर गेले की रोजचे काम रखडू लागते. त्यावर ‘मोठा सर्व्हर घ्या’ हेच उत्तर बहुधा मिळते. ते मला पटत नाही, कारण दुखणे बहुतेक वेळा प्रणालीच्या रचनेत असते.

अशा प्रणालीत प्रत्येक फोल्डरची डेटाबेसमध्ये एक नोंद असते आणि तो कोणत्या फोल्डरच्या आत आहे, हे त्या नोंदीतच लिहिलेले असते. रचना सदोष असेल तर डाव्या बाजूची यादी उघडताना, बंद असलेल्या फोल्डरांसह सगळी उतरंड वाचली जाते. शिवाय प्रत्येक फोल्डरचे नाव, तो पाहण्याची परवानगी आणि आतले उपफोल्डर यांसाठी वेगवेगळी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे माहितीची मागणी, जाते. म्हणजे ५,००० फोल्डरांसाठी १५,००० क्वेरी. एकीला केवळ एक मिलिसेकंद लागला तरी यादी दिसायला १५ सेकंद जातात. एखादी फाइल दुसरीकडे हलवायची म्हटली, की ठिकाण निवडण्याच्या चौकटीत हीच उतरंड पुन्हा पहिल्यापासून भरली जाते. दिवसभर फाइली लावणाऱ्या कर्मचाऱ्याचा असा किती वेळ वाया जातो, हे कोणी मोजतही नाही, याचे मला वाईट वाटते.

जूमलासारख्या काही सीएमएस वर्गवारीची उतरंड डाव्या-उजव्या क्रमांकांच्या जोड्यांनी साठवतात; आतल्या नोंदींचे क्रमांक बाहेरच्या नोंदीच्या दोन क्रमांकांच्या मध्ये येतात. त्यामुळे संपूर्ण शाखा एकाच क्वेरीत वाचता येते. मात्र मध्ये नवी नोंद घातली, की पुढच्या सगळ्या नोंदींचे क्रमांक बदलावे लागतात आणि तोवर इतरांना खोळंबून राहावे लागू शकते.

यावरचे उपाय नवे नाहीत. वापरकर्त्याने जो फोल्डर उघडला, त्याच्या आतली एकच पातळी मागवावी, तिच्यातील सर्व परवानग्या एकदम तपासाव्यात आणि फोल्डर ज्याच्या आत आहे त्या फोल्डरचा क्रमांक असलेल्या स्तंभावर इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्याची सूची) असावा. संपूर्ण शाखा हवीच असेल तर एकाच मागणीत पातळीमागून पातळी वाचणाऱ्या पुनरावर्ती क्वेरीची सोय डेटाबेस प्रणालींत आहेच: पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून आहे.

‘फोल्डर कमी करा’ हा सल्लाही सर्रास दिला जातो. प्रत्येक कागदासाठी वेगळा फोल्डर काढणे चूकच आहे. परंतु विभाग, वर्ष आणि विषय यांनुसार लावलेले जुने दप्तर केवळ प्रणालीला झेपत नाही म्हणून मोडणे योग्य नव्हे.

सीएमएस विकत घेणाऱ्या संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे, की दहा-वीस फोल्डरांच्या प्रात्यक्षिकावर विसंबू नये. पुढील पाच वर्षांत जितके फोल्डर होतील, तितके चाचणीत आधीच भरून घ्यावेत. अनेक जण एकाच वेळी काम करत असताना यादी उघडणे, फोल्डर हलवणे आणि परवानगी बदलणे यांस लागणारा वेळ मोजावा आणि त्याची कमाल मर्यादा करारात लिहून घ्यावी.

आपला विश्वासू,
एक वाचक