टक्केवारीबरोबर प्रश्नही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘अमेरिकेत दर चौघांतल्या एकाला पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेही ठाऊक नाही’ ही बातमी २०१४ साली जगभर गाजली. मराठी वृत्तपत्रांत आणि व्हॉट्सॲपवर ती अजून अधूनमधून फिरते, आणि तिच्याखाली ‘असले मठ्ठ लोक महासत्ता कसे झाले’ हा शेरा ठरलेला असतो. आकडा खरा आहे. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या २०१२ च्या पाहणीत सुमारे २,२०० लोकांना हा प्रश्न विचारला गेला आणि ७४ टक्क्यांनी बरोबर उत्तर दिले. मात्र त्याच अहवालातले इतर देशांचे रकाने आपल्याकडे कुणी छापत नाही. भारतात (२००४ ची पाहणी) बरोबर उत्तरे ७० टक्के, युरोपीय संघात (२००५) ६६, दक्षिण कोरियात ८६.

मग कोरियन लोक सगळ्यांत हुशार म्हणायचे का? त्याच प्रश्नावलीत एक विधान होते: ‘प्रतिजैविके (अँटिबायोटिक औषधे) जिवाणूंप्रमाणेच विषाणूंनाही मारतात.’ खरे की खोटे? हे खोटे आहे असे ओळखणारे अमेरिकेत ५१ टक्के निघाले, भारतात ३९ आणि कोरियात ३०. सूर्याच्या प्रश्नात सगळ्यांच्या पुढे असलेला देश इथे आपल्याही खाली गेला. डोकी तीच होती, फक्त प्रश्न बदलला.

आम्ही काही जण संख्याशास्त्र शिकवतो, काही जण मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतो. अशा बातम्यांमध्ये नेमके काय चुकते, ते सविस्तर सांगणे आम्हाला गरजेचे वाटते.

पहिली गोष्ट अंदाजाची. दोनच पर्याय असले की माहिती नसलेल्या माणसाचेही उत्तर निम्म्या वेळा बरोबर येते. समजा १०० पैकी ४८ जणांना खरेच माहीत आहे आणि उरलेल्या ५२ जणांनी अंदाज ठोकला. त्यातले २६ बरोबर आले की एकूण ७४ होतात. म्हणजे ‘माहीत नाही’ म्हणायची मुभा होती का आणि ती किती जणांनी घेतली, हे कळल्याशिवाय ७४ चा अर्थ लागत नाही. चार पर्याय असतील तर नुसत्या अंदाजाने २५ टक्के मिळतात. दोन पर्यायांच्या आणि चार पर्यायांच्या पाहण्या शेजारीशेजारी ठेवून देशांची तुलना करणारे तक्ते आम्ही पाहिले आहेत. त्यांना काहीही अर्थ नाही.

दुसरी भाषेची. ‘विषाणू’ आणि ‘जिवाणू’ हे शब्द घराघरांत वापरातले नाहीत. घरी आपण ‘जंतू’ म्हणतो आणि त्यात दोन्ही आले. प्रश्न मराठीत नेताना ‘सर्दी-पडशावर अँटिबायोटिक गोळीने गुण येतो का?’ असा केला, तर तो औषधाच्या समजुतीबद्दलचा प्रश्न राहतो. ‘विषाणू’ घातला की तो शब्दार्थाचा होतो.

तिसरी गोष्ट कुणाला विचारले, ही. इप्सॉस या संस्थेच्या २०१६ च्या पाहणीत ४० देशांमध्ये ‘सर्वाधिक अज्ञानी’ म्हणून भारताचे नाव वर आले. देशात मुस्लिमांचे प्रमाण किती, स्वतःचे घर असलेले किती, असे अंदाज लोकांना करायला लावले होते. आपल्याकडे ही पाहणी इंटरनेटवरून झाली, म्हणजे उत्तरे देणारे शहरी, शिकलेले आणि सुस्थितीतले. असा माणूस आपल्या आजूबाजूला बघून देशाचा अंदाज बांधतो आणि तो चुकतो. त्यावरून मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या माणसाच्या अकलेबद्दल काही कळत नाही, त्याला कुणी विचारलेलेच नाही. चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे १,००० लोक निवडले तर उत्तर साधारण ३ टक्के इकडेतिकडे होते, १०० निवडले तर १० टक्के. सीताबर्डीच्या बाजारात माईक धरून गाठलेले १०,००० लोकही ही चूक कमी करू शकत नाहीत, कारण ते निवडलेले नसतात, सापडलेले असतात. त्यातून चुकलेले सहा जण तेवढे व्हिडिओत ठेवले की झाला ‘मूर्ख देश’.

याहून घातक आहे देशांच्या सरासरी बुद्ध्यांकाचा नकाशा. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लिन आणि राज्यशास्त्रज्ञ टाटू व्हानहानेन यांनी २००२ साली १८५ देशांचे आकडे दिले, पण चाचण्यांची माहिती होती ८१ देशांची. बाकीचे त्यांनी शेजारच्या देशांवरून भरले. इक्वेटोरियल गिनीचा ५९ हा आकडा तर स्पेनमधल्या, विशेष गरजा असलेल्या मुलांवरून घेतला होता. ही आकडेवारी वापरू नये, असे युरोपियन ह्यूमन बिहेवियर अँड इव्होल्यूशन असोसिएशनने २०२० मध्ये जाहीर केले. तरी भारताचा ८१-८२ चा आकडा इथले शिकलेले लोकही मान खाली घालून पुढे पाठवतात.

हा प्रकार जुना आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १७ लाख सैनिकांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या. मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये त्यावरून इटली, पोलंड, रशियाकडून आलेले लोक कमी बुद्धीचे ठरवले. पण त्याच आकड्यांत दिसत होते की अमेरिकेत राहून जितकी वर्षे झाली तितके गुण वाढलेले आहेत, कारण अनेक प्रश्न तिथल्या जाहिराती, खेळ आणि वस्तूंवर होते. १९३० मध्ये ब्रिगम यांनीच आपले निष्कर्ष मागे घेतले. नेदरलँड्समध्ये १९५२ ते १९८२ या ३० वर्षांत सैन्यभरतीच्या तरुणांचे गुण सुमारे २० बुद्ध्यांकांनी वाढले. तीस वर्षांत रक्त बदलत नाही. शाळा, आहार आणि चाचणीची सवय बदलते. ‘पुणेकर हुशार, वऱ्हाडी आळशी’ म्हणणाऱ्यांनीही हे वाचावे.

नागपूरकरांना तर हे सहज कळायला हवे. डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या मुलांसाठीच्या बुद्धिमत्ता चाचणीचे भारतीय रूप १९६९ च्या सुमारास याच शहरात तयार केले. देशभर ते ‘मिसिक’ नावाने वापरले जाते. मूल वयाच्या मानाने रोजची कामे किती स्वतः करते हे मोजणाऱ्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे त्यांनी केलेले रूप तर ‘नागपूर अनुकूलन’ म्हणूनच ओळखतात. परदेशी प्रश्न जसेच्या तसे विचारले तर इथले मूल विनाकारण मागे पडते, म्हणून ही खटपट करावी लागली. बुद्ध्यांकातली १०० ही सरासरी त्या वयाच्या, त्या काळच्या, तपासलेल्या मुलांची असते. मुलाच्या अहवालावर कोणती चाचणी, कोणत्या भाषेत घेतली आणि तिची मानके (म्हणजे तुलनेसाठीची सरासरी) कोणत्या वर्षाची, हे लिहिलेले नसेल तर पालकांनी ते मागून घ्यावे.

कधी उत्तरसूचीच चुकलेली असते. ‘राष्ट्रीय खेळ कोणता?’ या प्रश्नाला हॉकीवर गुण देतात. असा कोणताही खेळ जाहीर केलेला नाही, हे २०१२ मध्ये माहिती अधिकारात स्पष्ट झाले. ‘राष्ट्रभाषा’ही राज्यघटनेत नाही, अनुच्छेद ३४३ मध्ये संघराज्याची राजभाषा आहे. आपला झिरो माईल घ्या, ज्याला देशाचा मध्य म्हणतात. १९०७ चा तिथला दगड ही समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवणारी सर्वेक्षणाची खूण आहे. देशाचा मध्य कोणता, हे सीमा कोणत्या काळच्या धरायच्या आणि बेटे मोजायची का यावर ठरते. नागपुरातल्या प्रश्नमंजूषेत हा प्रश्न ठेवूच नये.

विदर्भात लोकांना काय माहीत आहे ते तपासायचेच असेल, तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराबद्दलचा आमचा एक प्रश्न छापा. (वाहक म्हणजे ज्याला स्वतःला आजार नाही, पण तो मुलांत जाऊ शकतो असा माणूस.) ‘नवरा-बायको दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत. पहिले मूल सिकलसेलग्रस्त आहे. दुसऱ्या मुलाला हा आजार होण्याची शक्यता किती? अजिबात नाही, चारात एक, निम्मी, नक्की होणार, की माहीत नाही?’ उत्तर आहे चारात एक, आणि ते प्रत्येक गरोदरपणाला नव्याने लागू होते. ‘चारातले एक झाले, आता पुढची तीन सुटली’ हा समज भल्याभल्यांचा असतो आणि मग पुढच्या मुलाची तपासणीच राहून जाते. सोबत हेही छापा की शिबिरातल्या सोल्युबिलिटी तपासणीत (रक्त द्रावणात मिसळून करायची प्राथमिक चाचणी) नमुना गढूळ झाला म्हणजे माणूस आजारीच आहे असे नाही. तो नुसता वाहकही असू शकतो. फरक हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत कळतो, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी तपासणीवर विसंबता येत नाही.

आपले,
संख्याशास्त्र आणि मानसशास्त्राचे काही शिक्षक,
नागपूर