ब्रह्मपुत्रा क्रूझमधून माजुली बेट वगळल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : गुवाहाटी ते निमाती घाट क्रूझमधील माजुलीची भेट परस्पर रद्द केल्याबद्दल व परतावा मिळण्याबाबत

महोदय,

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मी आईवडिलांसह आपल्या क्रूझने प्रवास केला. पावती व माहितीपत्रक सोबत जोडले आहे.

काझीरंगाबद्दल काही म्हणणे नाही. सिलघाटच्या धक्क्याहून जिपांनी अभयारण्याच्या बागोरी विभागात नेले. गेंडे, रानम्हशी, बारशिंगे मनसोक्त पाहिले.

तक्रार आहे ती माजुलीची. माहितीपत्रकात तिला दोन दिवस दिले आहेत : सामागुरी सत्रातले (वैष्णव मठातले) मुखवटे, औनियाती सत्र, साल्मोऱ्यात चाकाशिवाय घडवली जाणारी मडकी, मिसिंग जमातीच्या वस्तीत खांबांवर उभारलेल्या चांग घरात जेवण. माझी आई जव्हारची, तिथल्या बोहाडा उत्सवातले मुखवटे बघत वाढलेली. बांबूच्या सांगाड्यावर कापड आणि माती चढवून मुखवटा कसा करतात, हे तिला पाहायचे होते. एवढी महागडी सहल आम्ही घेतली ती त्यासाठीच.

सिलघाटला रात्रीच्या जेवणानंतर सांगण्यात आले की पुढे पाणी कमी आहे, जहाज जाणार नाही. त्याबद्दल नदीला बोल लावणार नाही. पण ब्रह्मपुत्रेचे पाणी दर हिवाळ्यात उतरते, वाळूचे पट्टे जागा बदलतात. हे आम्हाला नवीन असेल, आपल्याला नाही. पैसे घेताना याचा एका ओळीनेही उल्लेख का नव्हता?

आणि जहाज अडले म्हणून माजुली कुठे अडली होती? दुसऱ्या दिवशी बसने आम्हाला जोरहाटच्या हॉटेलात आणून सोडले, तेव्हा दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते. विमान थेट दुसऱ्या दिवशीचे. तिथून निमाती घाट चौदा-पंधरा किलोमीटर, आणि घाटावरून माजुलीला रोज फेरीबोटी सुटतात. आपल्या प्रतिनिधींना तसे सुचवले, तर म्हणाले, विमा फक्त आपल्या जहाजापुरता आहे. आमच्या खर्चाने जातो म्हटले, तर ग्रुप फोडता येत नाही. मग अख्खी दुपार ग्रुप लॉबीत बसून राहिला.

संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये रेकॉर्ड लावून बिहू नाच झाला. आता आपल्या ईमेलमध्ये म्हटले आहे की ‘स्थानिक संस्कृतीचा अनुभव देण्यात आला, सबब परतावा देय नाही’. नाचणाऱ्या मुली गुणी होत्या, त्यांचा दोष नाही. पण हा नाच बोहाग बिहूचा, म्हणजे वैशाखातला. बाहेर माघ बिहूच्या मेजी, म्हणजे पेटवायच्या लाकडांच्या राशी, रचल्या जात होत्या, त्या दाखवायचेही कुणाला सुचले नाही.

आणखी एक. गंगा डॉल्फिन, आसामी लोकांचा शिहू, जवळपास आंधळा असतो. आवाजाच्या प्रतिध्वनीवरच तो वाट आणि भक्ष्य शोधतो. तो दाखवायला इंजिन बंद करायचे सोडून आपण डेकवर स्पीकर लावता. हे ताबडतोब थांबवा.

माजुलीच्या दोन दिवसांचे तिघांचे पैसे परत करावेत. तसेच ज्या मिसिंग कुटुंबाकडे आमचे जेवण ठरले होते, त्यांना आपण वेळेत कळवले का आणि त्यांचे पैसे चुकते केले का, तेही लेखी कळवावे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. त्यासाठी आसामला यावे लागत नाही.

आपली,
(सही)
पुणे