सराफा चौपाटी आहे तिथेच राहू द्या

महोदय, इंदूरच्या सराफा चौपाटीत, म्हणजे सराफ बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, फक्त पारंपरिक पदार्थांचीच दुकानं ठेवायची, या निर्णयाची बातमी वाचली आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. मोमो-नूडल्स काय, कुठल्याही शहरात मिळतात हो, पण भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस आणि थंडीत तळून वर जिरावन मसाला भुरभुरलेले गराडू (एक कंद) खायला माणूस रात्री दहानंतर तिथेच जातो, तेही दिवसा सोनं-चांदी विकणाऱ्या पेढ्यांच्या बंद शटरसमोर उभं राहून! मात्र अख्खी चौपाटीच दुसरीकडे हलवा ही मागणी पटत नाही. गल्ली अरुंद आहे, गॅस सिलिंडरचा धोका आहे, सगळं मान्य, मग दुकानं कमी करा, सिलिंडर तपासा. पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्यातच म्हटलंय की ५० वर्षांहून जुन्या ‘नैसर्गिक’, म्हणजे परंपरेने भरत आलेल्या, बाजारातल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. शिवाय मध्यरात्रीनंतरही जागी असलेली गल्ली म्हणजे सराफांना फुकटची राखणच की! फक्त पारंपरिक कोण हे ठरवताना यादी उघडपणे लावा, नाहीतर वशिल्याचे राहतील आणि जुने उठतील.

— एक वाचक, इंदूर