ऐकू आलं नाही, हे सांगणं

ताळगाव,
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोन न करता मुद्दाम पत्र लिहिते आहे. बाबांना फोनवर धड ऐकू जात नाही, आणि आईला सांगायला गेले तर ती अर्ध्यातच रडायला लागेल. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. तिला ड्रीम म्हणतात. स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या शिक्षकांनी ती १९९७ साली प्रसिद्ध केली. डॉक्टरी, नर्सिंग, फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलांना आपलं कॉलेज कसं वाटतं, हे तिच्यावरून कळतं. तिच्यात ५० वाक्यं असतात. प्रत्येक वाक्य किती पटतं ते शून्य ते चारमध्ये सांगायचं, म्हणजे एकूण गुण २००. बेरीज १५० च्या वर गेली तर उत्तम, आणि १०० च्या आत राहिली तर तिथं बरंच काही बिघडलंय असं धरतात. नाव लिहायचं नाही, हजेरी क्रमांकही नाही. बाबा, तुम्ही जन्मभर मुलांना गुण दिलेत, इथं मुलं आम्हाला गुण देतात. गोव्यात वैद्यकीय शिक्षण १८४२ पासून आहे, पण ‘तुला इथं कसं वाटतं’ असं शिकणाऱ्याला विचारण्याची पद्धत अजून रुळायचीच आहे.

वाक्यं साधीच असतात. शिक्षक मुलांची टर उडवतात. मी इतकी दमते की शिकण्यात आनंद वाटत नाही. इथं मला चांगले मित्र आहेत. मनातले प्रश्न मला विचारता येतात. पन्नासातली नऊ वाक्यं उलट्या बाजूची आहेत, त्यांचे गुण फिरवून धरावे लागतात. त्यामुळे रात्री बेरीज करताना प्रत्येक कागद नीट बघत होते. एका कागदावर ‘मनातले प्रश्न मला विचारता येतात’ या वाक्यापुढं तीनला गोल केलेला होता, तो खोडलेला. मग एकला गोल, तोही खोडलेला. खोडरबर घासून घासून तिथला कागद इतका पातळ झाला होता की पलीकडचं टेबल दिसत होतं. शेवटी काहीच लिहिलं नव्हतं. ज्या कागदावर नाव नाही, त्यावरसुद्धा खरं लिहायला तो जीव घाबरला. त्या वर्गाला मीही शिकवते. मला खूप वेळ पुढचा कागद घेववेना.

आता जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते सांगते.

मी दुसऱ्या वर्षाला होते. वॉर्डात बीपी घ्यायला शिकत होतो, तेव्हा पाऱ्याचं यंत्र असायचं. दंडाला पट्टा बांधून हवा भरायची, मग हळूहळू सोडायची. कानात पहिला ठोका ऐकू आला की वरचा आकडा आणि आवाज बंद झाला की खालचा. मला तो ठोका ऐकूच येत नव्हता. पहिल्या दिवशी मी तसं मॅडमना सांगितलं. त्या सगळ्या वॉर्डासमोर म्हणाल्या, “मराठी शाळेतनं आलीस ना? कान तरी घेऊन आलीस का?” मुली हसल्या, खाटेवरचे पेशंटही हसले. त्यानंतर मी विचारणं बंद केलं. शेजारणीच्या चार्टवर बघून आकडे लिहायला लागले.

एका संध्याकाळी दोडामार्गकडच्या एका आजींचं बीपी घ्यायचं होतं. सकाळीच त्यांचं ऑपरेशन झालं होतं. मी पट्टा बांधला, हवा सोडली, काही ऐकू आलं नाही. मी १२०/८० लिहिलं. बाबा, मी ते मनानं लिहिलं. अर्ध्या तासानं ड्यूटीवर आलेल्या स्टाफ सिस्टरनी पुन्हा बघितलं तर ९० वर ६० होतं. आतून रक्त जात होतं. आजींना परत थिएटरमध्ये नेलं. त्या वाचल्या, पण तो अर्धा तास अजून माझ्या अंगावर येतो.

सिस्टर ओरडल्या नाहीत. रात्री काम उरकल्यावर त्यांनी मला स्टुलावर बसवलं, बाही वर करून स्वतःचा हात पुढं केला. माझी दोन बोटं कोपराच्या आतल्या बाजूला, करंगळीकडे दाबून धरली. नाडी लागली, तिथं पेनानं ठिपका काढला आणि म्हणाल्या, “आता इथं ठेव.” मी इतके दिवस स्टेथोस्कोप चुकीच्या जागी ठेवत होते, एवढंच होतं. ठोका ऐकू आला. टक, टक, टक. मी तिथंच रडले.

त्या वर्षीच्या गणेश चवथीला ताप आलाय म्हणून मी माडीवर निजून होते, आठवतं ना आई? तू पेज आणून उशाशी ठेवायचीस. ताप नव्हता. परत जायचं नाही असं ठरवलं होतं. बाबांनी कर्ज काढलंय एवढ्यासाठीच गेले.

आता कॉलेजात बैठका होतील, आणि बहुतेक आधी प्रोजेक्टर, ग्रंथालय, हॉस्टेलचं पाणी यांवर बोलणं होईल. तेही हवंच. पण पाणी आलं म्हणून ते पातळ झालेलं वाक्य भरलं जाणार नाही. ‘मला जमत नाही’ असं म्हटल्यावर जिथं हसतात, तिथं मूल खोटा आकडा लिहायला शिकतं, आणि तो आकडा पेशंटच्या चार्टवर जातो. हे मी तिथं बोलणार आहे, माझ्या १२०/८० सकट. माझ्या गटापुरतं मी सुरूही केलंय. वॉर्डातून निघताना दहा मिनिटं थांबायचं आणि आज काय जमलं नाही ते एकेकानं सांगायचं. सुरुवात मी करते. पहिले दोन दिवस कोणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी एक मुलगा म्हणाला, मला अजून नाडी मोजता येत नाही.

मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यातल्याच एका शाळेत बाबा तुम्ही सत्तरी तालुक्यात शिकवत होता. ‘कोणाला नाही समजलं?’ असं विचारायचात, आणि जो पहिला हात वर करील त्याच्या हातात खडू द्यायचात. खडू मिळावा म्हणून आम्ही समजलेलं असलं तरी हात वर करायचो.

म्हणूनच तुमच्यावर जरा रुसले आहे. मध्यंतरी डॉक्टरांनी नवी गोळी अर्धी घ्यायला सांगितली होती, आणि तुम्ही चार दिवस अख्खी घेतलीत. चक्कर येऊन पडवीत बसलात ते आईनं सांगितलं मला. तुम्ही तिथं ‘हो, हो’ म्हणत होता, कारण ऐकू आलं नव्हतं आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. खरं ना?

शनिवारी सकाळच्या कदंबा बसनं येते. कानाच्या तपासणीची वेळ घेतली आहे. मशीन लावायचं की नाही ते नंतर बघू. तोवर डॉक्टरांकडे गेलात की ‘ऐकू आलं नाही, परत सांगा’ एवढं म्हणा. आई, गोळ्यांची चिठ्ठी फ्रिजवर लाव. आणि शनिवारी पेज कर, सुकटाच्या किसमुरीबरोबर.

तुमची,
बाय