आधी गळती, मग घरघर

नागपूर, दि. २२ ऑगस्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जुन्या जीपमधून तेल गळते आणि चालताना घरघर येते, हे सांगणारे तुझे पत्र आणि गाडीच्या खालच्या बाजूचे फोटो मिळाले. तिकडच्या मेकॅनिकने नुसता आवाज ऐकून गिअरबॉक्स उतरवायला सांगितले, हे वाचून लगेच लिहायला बसलो. तेल कोठून गळते आणि आवाज नेमका केव्हा येतो, या दोन गोष्टी ठरल्याशिवाय कोणालाही एकही नट ढिला करू देऊ नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या जुन्या फोर-बाय-फोर जीपगाड्यांत इंजिनाखेरीज गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर वाटणारा गिअरचा डबा) आणि पुढचे-मागचे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणारे गिअर) यांचेही तेल असते, आणि जमिनीवरच्या डागाच्या जागेवरून तो कोणाचा हे पक्के सांगता येत नाही. कारण चालत्या गाडीत वारा तेलाला मागे नेतो आणि इंजिनाच्या मागच्या सीलमधून (फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून) सुटलेला थेंब ट्रान्सफर केसच्या बुडाशी लोंबकळताना दिसतो.

म्हणून प्रथम गाडीची खालची बाजू डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुऊन काढ. तुमच्या काटोलकडची काळी माती तेलात मुरली की तिचा असा लगदा बसतो की त्याखालचे काहीच दिसत नाही. सगळे कोरडे झाल्यावर सांध्यांवर आणि सीलच्या आजूबाजूला साधी टाल्कम पावडर शिंपड, गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आण आणि टॉर्च घेऊन खाली शीर. पावडर सर्वांत वर आणि सर्वांत पुढे जेथे भिजली असेल, तेथे गळतीचे मूळ असते. रात्रभर खाली पुठ्ठा पसरून ठेवलास, तर तेलाचा रंग आणि वासही नीट तपासता येईल. इंजिन ऑइल काळपट असते, कूलंट (रेडिएटरमधले पाणी) हिरवे किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचे (ते विषारी आहे, कुत्र्या-मांजरांना दूर ठेव), तर ब्रेक ऑइल पातळ आणि पिवळसर. हे शेवटचे चाकाच्या आतल्या बाजूला आढळले, तर गाडी जागची हलवू नकोस. डिफरन्शियलच्या ऑइलला मात्र गंधकाचा असा उग्र वास असतो की साबणाने दोनदा हात धुतले तरी तो जात नाही.

तू नेमके याच वासाबद्दल लिहिले आहेस, आणि तुझ्या तिसऱ्या फोटोत मला आणखी एक गोष्ट दिसली. मागच्या डिफरन्शियलमध्ये प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जोर नेणारा फिरता दांडा) जेथे जोडतात, त्या फ्लँजच्या, म्हणजे जोडचकतीच्या, बरोबर वर बॉडीच्या पत्र्यावर तेलाच्या शिंतोड्यांचा आडवा पट्टा उमटला आहे. फिरता भाग तेल भिरकावतो तेव्हाच असा पट्टा पडतो. त्यामुळे गळती टेल पिनियनच्या (या शाफ्टने फिरणाऱ्या, डिफरन्शियलमधल्या लहान दातेरी चाकाच्या) सीलमधून होत आहे, याविषयी मला फारशी शंका नाही.

पण नुसते सील बदलून भागणार नाही. डिफरन्शियलच्या हाउसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, वरच्या बाजूला ब्रीदर म्हणून एक लहानशी नळी किंवा टोपी असते. धावताना आतले तेल तापते, हवा प्रसरण पावते आणि या वाटेने बाहेर पडते. ही वाट चिखलाने बुजली की सगळा दाब सीलवर येतो आणि नवे सीलही टिकत नाही. याउलट, तापलेले हाउसिंग नाल्याच्या गार पाण्यात शिरले की आतली हवा एकदम आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. बागेत जाताना पावसाळाभर तू रोज नाला ओलांडतोस. तेव्हा ब्रीदर काढून डिझेलने धू, त्यातून फुंकर आरपार जाते का पाहा, आणि जमल्यास त्याला रबरी नळी जोडून तिचे टोक उंचावर बांध.

त्यानंतर डिफरन्शियलचे ऑइल तपास. एक पथ्य पाळ: आधी तेल भरायचा प्लग (बूच) उघड, मगच तेल सोडायचा खालचा ड्रेन प्लग. वरचा गंजून अडकलेला निघाला आणि खालून तेल सोडून दिलेले असले, तर गाडी तेथेच अडकून पडेल. सर्वसाधारणपणे सपाट जागी तेलाची पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावी. बोट घालून ते कळते. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले, तर पाणी शिरले आहे असे समज. ड्रेन प्लगला चुंबक असेल, तर त्यावरचा करडा, लोण्यासारखा मऊ थर ही नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा मिळाला, तर मात्र हाउसिंग उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

आता आवाजाकडे वळतो. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर घरघर येते आणि दाबल्यावर थांबते का, ते ऐक. तसे असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाकडून फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर संशय घ्यावा. दाबल्यावर सुरू होत असेल, तर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर. दोन्ही वेळी शांतता असेल आणि चाके फिरू लागल्यावरच आवाज येत असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याची घाई कशासाठी? मोकळ्या रस्त्यावर हलके डावीकडे वळताना आवाज वाढला, तर भार पडलेल्या उजव्या चाकाचे बेअरिंग पाहावे. चाकाच्या गतीबरोबर चूं-चूं होत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (त्याच्या टोकाचा हलता सांधा) कोरडा पडला असण्याचा संभव आहे. ब्रेक दाबल्यावरच खरखर होत असेल, तर ब्रेकचे पॅड किंवा लायनर संपले असतील, आणि डिस्कच्या पत्र्यात खडा अडकला असेल तर गाडी मागेपुढे केल्यावर बहुधा तो निघून पडतो. तू मात्र लिहितोस की ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ताशी चाळीस-पन्नासच्या वेगात आवाज वाढतो. हे लक्षण बहुधा ढिल्या झालेल्या पिनियन बेअरिंगचे असते आणि ते गळतीच्या जागेशी जुळते. फ्लँज हाताने धरून वर-खाली हलवून पाहा. तेथे जाणवण्याजोगी ढील मुळीच नसावी. बेअरिंग ढिले असेल तर पिनियन डगमगते, आणि त्यावर कितीही नवे सील बसवले तरी ते गळणारच.

खाली शिरण्याआधी एक खबरदारी घे. आपल्या अनेक जुन्या गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकने उचलले, तर डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. चाकांना दगड लाव आणि निव्वळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नकोस. भक्कम स्टँड हवेत.

ऑइल दुधाळ निघाले पण प्लगवर तुकडे नसले, तर नवे भरून गाडी सावकाश नागपूरला घेऊन ये. भरायच्या ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात पाहा. अशा डिफरन्शियलमध्ये बहुधा जीएल-५ या दर्जाचे ऑइल लागते, पण तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नकोस, कारण तेथे पितळी सिंक्रो (गिअर सहज पडू देणाऱ्या कड्या) असतात, त्यांना ते मानवेलच असे नाही, आणि बहुतेकदा जीएल-४ सांगितलेले असते. इथल्या सेमिनरी हिल्स टेकडीच्या चढावर भार देऊन आणि उतारावर पाय काढून आपण दोघे आवाज ऐकू, मगच बेअरिंगचा खर्च ठरवू. तुकडे निघाले, तर गाडी ट्रकवर टाक आणि आणण्यापूर्वी प्लगचा फोटो मला पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मित्र